भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि घर माझ्या एकटीच्या फोनात अडकलं

जाईचा_मांडव

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. परवा मावशींशी जे बोलणं झालं त्यानंतर राहवेना, म्हणून आज बसले.

आमचं घर सहा माणसांचं. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला एक खिळा होता, त्याला दरवर्षी कालनिर्णय लागायचं आणि त्याच खिळ्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. सासूबाई सकाळी दूध घेतलं की त्या दिवसाच्या चौकोनात 'दीड' नाहीतर 'दोन' लिहायच्या. गॅसचा नंबर लावला की 'गॅस', सिलिंडर आला की त्याच शब्दाभोवती गोल. पेपर आला नाही तर फुली. आणि मावशी, म्हणजे भांडी-लादीला येतात त्या, उद्या येणार नसतील तर आज जाताना स्वतः उद्याच्या चौकोनात एक तिरकी रेघ मारून जायच्या. त्यांना लिहिता येत नाही, पण तारखा कळतात. महिनाअखेरीला दोघी कॅलेंडरासमोर उभ्या राहायच्या, बोट ठेवून रेघा मोजायच्या आणि पगार व्हायचा. लग्नाला सतरा वर्षं झाली, या हिशेबावरून एकदाही आवाज चढलेला मी ऐकला नाही.

दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नवीन केलं. टाइल्सवर खिळा नको असं ठरलं आणि मी म्हटलं, आता सगळं फोनात घेते. मनापासून केलं हो. कॅलेंडरला रंग दिले, शाळेचा हिरवा, औषधांचा लाल, सोसायटीचा निळा. कामांच्या यादीचं वेगळं ॲप, वाणसामानाची वेगळी यादी. पहिले सहा महिने तर मला वाटलं, हे आधीच का नाही केलं.

मागच्या पावसाळ्यात पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं, मी चार दिवस हॉस्पिटलात होते. हाताला सलाइन, उशीशेजारी फोन. फोन मला सांगत होता, 'बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणणे', 'धाकट्याच्या सहलीचे पैसे, शेवटचा दिवस', 'दूधवाल्याला गुरुवारी जास्त सांगणे'. सगळं अगदी वेळेवर. ज्या घरात हे करायचं होतं तिथल्या एकालाही त्यातलं काही माहीत नव्हतं. बाबांच्या गोळ्या दोन दिवस राहिल्या. मी रात्री अकरा वाजता नर्सच्या परवानगीने फोन करून सांगितलं तेव्हा कळलं की पाकीट कधीच रिकामं झालंय.

आणि आता मावशींचं. गेल्या महिन्याचा पगार देताना माझ्या फोनात चार खाडे दिसत होते. त्या म्हणाल्या दोन. त्यांचंच बरोबर होतं. दोनदा त्या 'बहुतेक यायची नाही' म्हणाल्या होत्या, मी लगेच नोंद केली, त्या आल्या आणि ती नोंद तशीच राहिली. मी चूक कबूल केली, पूर्ण पैसे दिले. पण त्या जे म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही. म्हणाल्या, "भिंतीवर होतं तवा मला बी दिसायचं, ताई."

इतकी वर्षं जो हिशेब दोघींचा होता तो मी माझ्या एकटीचा करून टाकला होता, आणि मला त्याची जाणीवही नव्हती.

तुम्ही लोक काय करता? सगळ्या घराला दिसेल, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनाही कळेल, असं काही आहे का?

कोष्टक

ताई, आधी तब्येतीला जपा.

मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, त्यामुळे पहिला विचार हाच आला की कॅलेंडर सगळ्यांशी शेअर करायचं. प्रत्येकाच्या फोनवर एकच कॅलेंडर, कोणीही लिहावं, सर्वांना दिसावं. ते करून पाहिलंत का?

जाईचा_मांडव

केलं ना. त्यातच तर दीड वर्ष गेलं.

नवऱ्याला ऑफिसची एवढी नोटिफिकेशन्स येतात की त्यात घराचं एखादं आलं तर तो अंगठ्याने सगळी एकदम सरकवतो. मुद्दाम करत नाही. सासऱ्यांच्या फोनवर अकाउंट उघडून दिलं, फोन बदलला तेव्हा पासवर्ड आठवेना, ओटीपी जुन्या नंबरवर जायला लागला आणि ते तिथेच संपलं. सासूबाईंना चश्मा लावून त्या बारीक चौकोनांत बघायचा कंटाळा येतो. मावशींकडे बटणाचा फोन आहे.

आणि अजून एक. फोनात आठवणीने बघायला जावं लागतं. पाणी प्यायला फ्रिजपाशी गेलं की कॅलेंडर आपोआप नजरेखालून जायचं. 'बघ रे' असं कोणी कोणाला म्हणत नव्हतं.

मीनाक्षी_ठाणे

तुमचं शेवटचं वाक्य माझ्या घरालाही लागू आहे. कोणाची फी कधी, कोणाचं इंजेक्शन कधी, पाहुणे किती, हे डोक्यात ठेवायचं काम घरातल्या बाईवरच येतं. पण भिंतीवर ते निदान उघडं होतं. आमचे बाबा जाता जाता वाचायचे आणि बिल भरून यायचे, कोणी न सांगता. माझ्या घरात आता प्रत्येक गोष्ट मला सांगावी लागते. नवऱ्याला वाटतं मी सारखी मागे लागते. फोन मला आठवण करतो, मी त्याला आठवण करते. मधली पायरी मी झाले आहे.

गोदाकाठ

वाचून वाटलं की माझी अडचणही इथेच लिहावी. वेगळी आहे पण मूळ तेच आहे.

आमच्याकडे वाढदिवस दोन होतात, तारखेचा आणि तिथीचा. श्राद्धं अर्थातच तिथीने. सासूबाई असेपर्यंत नवीन कॅलेंडर आलं की त्या एक संध्याकाळ घेऊन बसायच्या, जुन्या वर्षाच्या पानांवरून नव्या पानांवर सगळ्या तिथी उतरवायच्या. त्या गेल्यावर मी ते फोनात घातलं. सासऱ्यांचं श्राद्ध त्या वर्षी ज्या तारखेला आलं ती तारीख टाकली, 'दरवर्षी' असं निवडलं आणि निर्धास्त झाले.

पुढच्या वर्षी फोनने बरोबर त्याच तारखेला सांगितलं. तिथी अकरा दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. नणंदेचा फोन आला तेव्हा कळलं. ती रडली, मी रडले. पितृपक्षात केलं आम्ही, पण ती रुखरुख अजून आहे.

मग मी शोधलं तर एका कॅलेंडरात 'भारतीय' म्हणून पर्याय सापडला. आनंदाने लावला. तारखेखाली 'भाद्रपद ९' असं दिसायला लागलं. मी समजले नवमी. ती नवमी नव्हतीच.

कोष्टक

गोदाताई, ते का झालं ते सांगतो, कारण चूक तुमची नाही.

तुम्हाला दिसला तो राष्ट्रीय पंचांगाचा दिनांक. खगोलशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवलेलं शक कॅलेंडर सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलं. ते पूर्ण सौर आहे. महिन्यांची नावं आपलीच, चैत्र-वैशाख, पण १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च. चंद्राशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे त्यातला ९ हा आकडा म्हणजे नवमी नव्हे. फोन आणि कॉम्प्युटर ज्या कॅलेंडर-यादीवर चालतात त्यात 'इंडियन' या नावाखाली हेच बसलेलं आहे.

'दरवर्षी' या बटणामागची गोष्ट अशी. कॅलेंडर ॲप्स एकमेकांशी बोलतात ती भाषा आयकॅलेंडर नावाच्या मानकाने ठरवलेली आहे. त्याचा दस्तऐवज आरएफसी ५५४५, वर्ष २००९. त्यात पुन्हा पुन्हा येणारी घटना फक्त इंग्रजी महिन्यांच्या हिशेबाने सांगता येते. २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ ही पुरवणी आली आणि चिनी, हिब्रू, इथिओपियन अशा इतर कालगणनांनी पुनरावृत्ती सांगायची सोय झाली. पण तिथीसाठी लागणारं आपलं चांद्र-सौर पंचांग त्या मूळ यादीतच नाही. म्हणजे मानकात दार केलं, पण आपल्याला त्यातून आत जाता येत नाही. आणि दार आहे तेसुद्धा बहुतेक ॲप्सनी उघडलेलं नाही.

मी स्वतः या क्षेत्रात असून मला याचा राग येतो. चिनी नववर्षासाठी जे करता आलं ते एवढ्या मोठ्या समाजासाठी करायला बरीच वर्षं कोणी बसलं नाही.

जुना_टाइपरायटर

नमस्कार. मी ७४ वर्षांचा आहे. जिल्हा परिषदेत नोकरी झाली, पंचांगाचा अभ्यास आवड म्हणून.

कोष्टक यांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण काम दिसतं तितकं सोपंही नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी होते. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी साधारण वीस तासांपासून सव्वीस-सत्तावीस तासांपर्यंत कितीही असते. म्हणून एखादी तिथी सूर्योदय न बघताच संपते, तो क्षय, आणि एखादी दोन सूर्योदय बघते, ती वृद्धी. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. गणेश चतुर्थीच पाहा. २०२२ ला ३१ ऑगस्ट, २०२३ ला अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणून चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला.

आता श्राद्धाची खुबी. सणाला बहुधा सूर्योदयाची तिथी बघतात, श्राद्धाला अपराह्ण बघतात. दिवसाचे पाच भाग करा, त्यातला चौथा. आपल्याकडे भाद्रपदात दुपारी साधारण पावणेदोन ते चार. त्या वेळात जी तिथी असेल ती श्राद्धाची. म्हणून चौकोनात छापलेली तिथी आणि श्राद्धाची तिथी कधी कधी एका दिवसाने वेगळ्या पडतात. हे एखादं ॲप दाखवत असेल तर त्याने कोणती रीत धरली आहे ते आधी पाहा.

आणि सर्वांत मोठी चूक जिथे होते ते सांगतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही. वद्य पक्षात महिन्याचं नावच बदलतं. आपला अश्विन वद्य तो त्यांचा कार्तिक कृष्ण. माझ्या मित्राच्या आईची तिथी कार्तिक वद्य चतुर्थी. त्याने एका पंचांग ॲपमध्ये कार्तिक कृष्ण चतुर्थी शोधली आणि मिळालेला दिवस धरला. तो दिवस उत्तरेतल्या करवा चौथचा होता. एक महिना आधी श्राद्ध झालं. ॲपच्या सेटिंगमध्ये 'अमान्त', म्हणजे अमावास्येला संपणारा महिना, असा पर्याय होता, पण तो शब्द त्याला माहीत नव्हता. आधी अमान्त निवडा, मगच पुढे जा.

गोदाकाठ

काका, नमस्कार. हे आधी कोणी सांगितलं असतं तर. मी तपासलं, माझ्या फोनातही पौर्णिमान्त होतं.

वऱ्हाडी_मेवा

तिथीचं तुम्ही लोकांनी चांगलं समजावलं. माझं दुखणं शोधायचं आहे.

मी शिक्षक आहे, अकोल्याला. आठ वर्षांपासून सगळ्या नोंदी मराठीतच करतो. पोरांचे फोन, शाळेचे खर्च, शेतीचं, कोणाला किती उसने दिले. हजारावर टिपणं झाली असतील. मागच्या उन्हाळ्यात बहिणीच्या पोरीच्या ॲडमिशनची रक्कम शोधत होतो. 'ॲडमिशन' टाकलं, काही नाही. टीप तर होती, मी स्वतः लिहिली होती. दोन रात्री हाताने खाली सरकवत गेलो तेव्हा सापडली. डोळ्यांसमोर तोच शब्द, आणि फोन म्हणतो नाही.

कोष्टक, याचं कारण सांगाल का? वऱ्हाड शब्दाचंही असंच होते.

कोष्टक

सर, नक्की. आणि हे प्रत्येक मराठी लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं.

आपला 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रं वापरतात त्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ ला. त्याआधी आणि अजूनही कित्येक कीबोर्डांवर तो 'अ', मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि वर चंद्र असा तयार होतो. दिसायला दोन्ही सारखेच. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. तुम्ही मधल्या काळात फोन बदलला असेल, त्याबरोबर कीबोर्ड बदलला. जुनी टीप एका पद्धतीची, नवा शोध दुसऱ्या पद्धतीचा.

वऱ्हाडचंही तेच. तो अर्धचंद्रासारखा र लिहायच्या दोन पद्धती आहेत, एक नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, र ने आणि एक साध्या र ला तेच अदृश्य चिन्ह जोडून. दुसऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, पुऱ्या, सगळ्यांची हीच गत. शोध चालवणाऱ्याने दोन्ही रूपं एकच धरली तर प्रश्न मिटतो. काही ठिकाणी ते केलेलं आहे, टिपणांच्या बऱ्याच ॲप्समध्ये नाही.

तोवर उपाय एवढाच की शोधताना ते अक्षर टाळा. 'डमिशन' एवढंच टाकून बघा.

वऱ्हाडी_मेवा

'डमिशन' टाकलं. अकरा टिपणं आली. त्यातल्या चार मी हरवल्या म्हणून सोडून दिल्या होत्या. लई उपकार झाले.

पण सर, आपल्या भाषेतला शब्द तोडून शोधावा लागतो हे बरं नाही वाटत.

रंकाळा_संध्याकाळ

मी कोल्हापूरची. आईला रक्त पातळ करायची गोळी असते, रोज संध्याकाळी सातला. चुकवून चालतच नाही. मला शाळेतून यायला उशीर होतो म्हणून तिच्या फोनवर औषधांचं ॲप घालून दिलं. आठ दिवस मस्त वाजलं. नवव्या दिवशी वाजलं नाही. मी घरी आले तर आई म्हणाली, "फोन बोलला नाही, मला वाटलं आज नाहीये." तिने फोनवर एवढा विश्वास टाकला की घड्याळाकडे बघणंच सोडलं होतं.

डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचं निभावलं. पण माझे हातपाय गार पडले होते. ॲपमध्ये सगळं बरोबर दिसत होतं, वेळ, गोळीचं नाव, सगळं. मग न वाजायचं कारण काय?

कोष्टक

ताई, बॅटरी. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून असला की आतली ॲप्स झोपवली जातात. काही कंपन्या त्यावर आणखी आपली बचत चढवतात आणि बरेच दिवस उघडलं नाही ते ॲप पार बंद करतात. आई ॲप उघडत नव्हत्या, फक्त वाजायची वाट बघत होत्या, म्हणून फोनने ठरवलं की हे वापरात नाही. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते. १४ पासून नव्याने घातलेल्या बऱ्याच ॲप्सना ठरल्या मिनिटाला वाजायची परवानगीही आपणहून मिळत नाही, सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते.

आज तीन गोष्टी करा. त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, 'अलार्म आणि रिमाइंडर' ही परवानगी चालू करा, आणि सातचा एक साधा गजर फोनच्या घड्याळातच लावा. घड्याळाचा गजर सहसा असा मारला जात नाही.

रंकाळा_संध्याकाळ

केलं तिन्ही. शिवाय बाजारातून सात खणांची गोळ्यांची डबी आणली. संध्याकाळी खण भरलेला दिसला तर शेजारच्या काकूसुद्धा विचारतात, गोळी राहिली का हो. जाईताई, तुमच्या फ्रिजसारखंच झालं हे.

न्यूजर्सीचं_अंगण

आमच्याकडचा प्रकार थोडक्यात सांगते. आई चिपळूणला. दर शनिवारी माझ्या सकाळी ९ ला व्हिडिओ कॉल, कॅलेंडरात दोघींच्याही फोनवर घातला. हिवाळ्यात तिच्याकडे संध्याकाळचे साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथलं घड्याळ पुढे गेलं आणि पुढच्या शनिवारी तिच्या फोनवर कॉल साडेसहाला आला. तिची दिवेलागणीची, देवापुढे बसायची वेळ. कोणी वेळ बदलली हे तिला कळेना, मलाही आधी सुचेना. भारतात घड्याळ कधीच हलत नाही, हे तिला समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की कार्यक्रम तिच्या घड्याळाला बांधायला हवा होता. घटना तयार करतानाच टाइमझोन भारताचा निवडला की वेळ माझ्याकडे हलते, तिच्याकडे नाही. आता तसंच केलंय. मी उठेन एक तास इकडे-तिकडे, तिचा दिवा लावायचा वेळ हलता कामा नये.

सह्याद्रीपठार

या सगळ्यात एक राहिलं. ॲप उद्या असेलच याची खात्री काय?

गूगल रीडर, वेगवेगळ्या साइट्सवरचं नवं लिखाण एका जागी वाचायची सोय, २०१३ मध्ये बंद झालं. वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं फार लाडकं ॲप होतं, मायक्रोसॉफ्टने २०१५ ला घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. एव्हरनोट या टिपणांच्या ॲपने मालकी बदलल्यावर डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्यांना पन्नास टिपणं आणि एकच वही एवढंच ठेवलं. लेख नंतर वाचायला साठवून ठेवायचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला गेलं. प्रत्येक वेळी लोकांनी वर्षानुवर्षं लावलेली घडी मोडून नव्याने मांडामांड केली. शाईच्या वहीला वाळवी लागते हे मान्य, पण वही मालक बदलला म्हणून पन्नासाव्या पानावर थांबत नाही.

मी आता दर गुढीपाडव्याला सगळी टिपणं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आणि कॅलेंडर आयसीएस फाइलमध्ये (कुठल्याही कॅलेंडर ॲपला वाचता येते ती) उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवतो. अर्धा तास लागतो. ज्या ॲपमधून माझंच लिहिलेलं बाहेर काढता येत नाही ते मी घेतच नाही.

स्वर_आणि_स्पर्श

सर्वांचं वाचलं, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅककडून ऐकलं. मला जन्मापासून दिसत नाही. म्हणून माझी बाजू मांडतो.

भिंतीवरचं कॅलेंडर तुम्हाला उघडं वाटतं, मला ते कागदाचा स्पर्श आहे आणि पान उलटल्याचा आवाज आहे. लहानपणापासून प्रत्येक तारीख मी कोणाला तरी विचारली. आज एकादशी आहे का, लाइटबिलाची तारीख कोणती, परीक्षा किती दिवसांवर आली. २०१७ मध्ये मराठीत बोलून टाइप करायची सोय आली तेव्हा मी पहिल्यांदा माझी यादी माझी मी केली. कोणाला न विचारता. ते स्वातंत्र्य काय असतं ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. म्हणून 'फोन नको, भिंतच बरी' असा सूर लागला तर मला त्रास होतो.

पण माझीही तक्रार आहे. मी जी पंचांगाची ॲप्स घालून पाहिली त्यातल्या बऱ्याच ॲप्समध्ये महिन्याचं पान म्हणजे छापील पानाचं चित्र असतं. टॉकबॅक तिथे म्हणतो, 'चित्र'. बस्स. संकष्टीला चंद्रोदय कधी हे त्यात लिहिलेलं आहे आणि मला ते अजूनही शेजाऱ्यांना विचारावं लागतं. अक्षरं अक्षरं म्हणून ठेवली असती तर तेवढ्याने काम झालं असतं.

जाईचा_मांडव

स्वर_आणि_स्पर्श, तुमचं वाचून मी बराच वेळ थांबले. फोन नको असं मला म्हणायचं नाही, पण माझ्या लिहिण्यातून तसं ऐकू आलं असणार. माझं दुखणं एवढंच की जे सगळ्यांचं होतं ते एकाकडे गेलं. तुमच्याकडे उलट झालं, जे दुसऱ्यांच्या हातात होतं ते तुमच्याकडे आलं. दोन्ही खरं आहे.

मधल्या दहा दिवसांत काय केलं ते सांगते. टाइल्सना हात न लावता फ्रिजच्या बाजूला चुंबकाचा हुक लावला, त्याला कॅलेंडर आणि पेन्सिल. दूध, गॅस, पेपर, खाडे, बाबांच्या गोळ्या संपायची तारीख, हे भिंतीवर. शाळेचे ओटीपी, बिलांच्या पावत्या, डॉक्टरांच्या वेळा फोनात, पण डॉक्टरची वेळ ठरली की ती भिंतीवरही. रविवारी रात्री मुलगी पुढच्या आठवड्याचं फोनातलं वाचून दाखवते आणि बाबा ते चौकोनात उतरवतात. त्यांचं अक्षर छान आहे, त्यांना हे काम आवडलंय. काल धाकट्याच्या चित्रकलेच्या वर्गाचं बाबांनीच मला सांगितलं.

मावशींना कॅलेंडर दाखवलं. त्यांनी आधी मागची पानं उलटून पाहिली, मग पेन्सिल हातात घेतली आणि म्हणाल्या, सुतळी जरा लांब करा, खालच्या ओळीपर्यंत पोचत नाही. सुतळी बदलली.

मीनाक्षी_ठाणे

चुंबकाचा हुक! आजच आणते. रविवारचं उतरवायचं काम नवऱ्याला देणार आहे.

गोदाकाठ

स्वर_आणि_स्पर्श, मी वर्षाच्या तिथी फोनात घालताना एकेक करून एका साध्या फाइलमध्ये टाइप केल्या आहेत. 'दरवर्षी' हे बटण आता वापरतच नाही, पाडव्याला बसून वर्षाच्या सगळ्या तारखा सुट्या सुट्या घालते. फाइलमध्ये तारीख, वार, महिना, पक्ष, तिथी असं ओळीने आहे, चित्र एकही नाही. तुम्हाला चालेल का? टाइपरायटर काका, तुम्ही एकदा तपासून द्याल का? चंद्रोदयाच्या वेळा माझ्याकडे नाहीत.

जुना_टाइपरायटर

जरूर देतो. चंद्रोदयाच्या वेळा मी घालतो, पण गावाप्रमाणे त्या काही मिनिटांनी बदलतात. स्वर_आणि_स्पर्श, आपण कोणत्या गावी असता ते कळवा म्हणजे त्या गावाच्या काढतो. गोदाताई, अधिक ज्येष्ठ आणि निज ज्येष्ठ वेगळे लिहा. नुसतं 'ज्येष्ठ' ऐकून त्यांना कळणार नाही कोणता ते.

स्वर_आणि_स्पर्श

मी मिरजेला असतो, काका. गोदाताई, अगदी चालेल. फक्त एक विनंती. पक्ष 'शु.' आणि 'व.' असा लिहू नका. टॉकबॅक नुसतं अक्षर वाचतो आणि ते पुढच्या शब्दात मिसळतं. 'शुद्ध' आणि 'वद्य' असं पूर्ण लिहा.

गोदाकाठ

पूर्ण लिहिते. चैत्र आज रात्री बदलून पाठवते, ऐकून सांगा कसं वाटतंय.